गॅस संपत नसतो, गळत असतो

जोधपूर. मे महिना. सकाळी नऊलाच गाडीच्या दाराची कडी हाताला चटका देते. दुपारी गाडीत बसणं म्हणजे तंदूरमध्ये शिरणं. छावणीत सध्या दोनच विषय आहेत : पोस्टिंग ऑर्डर आणि गाडीचा एसी.

त्यातच गेल्या आठवड्यात माझ्या पहिल्या युनिटमधल्या एका सुभेदारसाहेबांचा निरोप आला. मी नवा कोरा लेफ्टनंट असताना तोफेची गन पोझिशन कशी निवडायची हे त्यांनी मला शिकवलं. आता निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात गावी असतात. निरोप असा : "साहेब, गाडीचा एसी थंड करत नाही. गॅरेजवाला म्हणतो गॅस संपला, दोन हजार पडतील. गेल्या वर्षीही त्यानेच भरला होता. आता ऑनलाइन डबा मिळतो, पाइप आणि मीटरसकट. नातवाला व्हिडिओ सापडलाय. आम्ही दोघं अंगणातच भरतो. डबा कुठला घेऊ तेवढं सांगा."

मी उत्तर दिलं, "सुभेदारसाहेब, कुठलाच घेऊ नका." त्यावर त्यांनी नुसता अंगठा पाठवला. फौजेत वीस वर्षं काढल्यावर असा अंगठा वाचता येतो. त्याचा अर्थ होता, "साहेब आता मोठे झाले, हात काळे करायला घाबरतात."

म्हणून हा लेख. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासारख्या प्रत्येकासाठी, ज्याला वाटतं की आयुष्यभर गाड्या आणि तोफा हाताळल्या, मग एसीत गॅस भरणं काय मोठं! मी घाबरून बोलत नाही. करून, हात पोळवून आणि पैसे घालवून बोलतोय.

आधी मूळ मुद्दा. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होतो आणि आतली उष्णता शोषून घेतो. मग परत कॉम्प्रेसरकडे. तोच गॅस, त्याच नळ्या, वर्षानुवर्षं. चक्र बंद आहे. बंद चक्रातलं काही कमी झालं तर ते कुठून तरी बाहेर गेलंय. दुसरी शक्यताच नाही.

एक सवलत मान्य करतो, कारण अर्धसत्य सांगणं मला जमत नाही. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील यांतून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात. त्यामुळे आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत एकदा गॅस भरावा लागला तर त्यात नवल नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर ते झिरपणं नव्हे, भोक आहे. आणि भोकाकडे न बघता गॅस भरणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही, मग तो गॅरेजवाला असो, सुभेदारसाहेब असोत किंवा मी असो.

खडकवासल्याला पहिल्या टर्ममध्ये माझ्या सायकलची मागची ट्यूब पंक्चर होती. पंक्चर काढायला वेळ कुठला? मी रोज सकाळी हवा भरायचो, क्लासपर्यंत कशीबशी पुरायची. एक दिवस सीनियरने पाहिलं. विचारलं, "पंक्चर आहे की हवा कमी आहे?" मी म्हणालो, "हवा कमी आहे, सर." पुढचे दोन दिवस ती सायकल माझ्या खांद्यावर होती आणि मी पळत होतो. शिक्षा पंक्चरची नव्हती. शिक्षा 'हवा कमी आहे' या उत्तराची होती.

तो धडा मी वीस वर्षांनी विसरलो. तेजपूरहून इथे बदली झाली. गाडी आसामच्या पावसात बरी चालली होती, इथे पहिल्याच उन्हाळ्यात एसीने मान टाकली. शहरातल्या एका गॅरेजात गेलो. पोराने बॉनेट उघडलं, मीटर लावलं, "गॅस कम है साब" म्हणाला आणि दहा मिनिटांत पैसे घेऊन मोकळा. महिन्याभरात पुन्हा गरम हवा. मग मीही तेच केलं, जे सुभेदारसाहेब करणार आहेत. साडेचारशे ग्रॅमचा डबा, पाइप आणि मीटर मागवला, व्हिडिओ पाहिला, रविवारी क्वार्टरमागे बॉनेट उघडून उभा राहिलो. डबा जोडला. पाच मिनिटांत थंडगार हवा. त्या दिवशी मेसमध्ये मी तीन जणांना सांगितलं की गॅरेजवाले लुटतात, घरी भरा.

तीन आठवड्यांत पुन्हा गरम. पुन्हा डबा. या वेळी कपलर काढताना थोडा द्रव उसळला आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर पडला. हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. बोटाचं टोक पांढरं पडलं, मग फोड आला. आठवडाभर सही करताना आठवण होत होती. डोळ्यावर चष्मा होता म्हणून डोळा वाचला, नाहीतर आज हा लेख लिहायच्या ऐवजी मी मेडिकल बोर्डासमोर असतो. तरीही शिकलो नाही. तिसऱ्या डब्यानंतर पंधरा दिवसांनी कॉम्प्रेसर आवाज करू लागला आणि एका दुपारी जाम झाला.

मग कुणीतरी शहरातलं एक छोटं गॅरेज सांगितलं. चालवणारा ईएमईतून निवृत्त झालेला हवालदार. भिंतीवर कोअरचं चिन्ह आणि 'कर्म ही धर्म'. त्याने मीटर हातातही घेतलं नाही. टॉर्च घेऊन गाडीसमोर उकिडवा बसला आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बाकी सगळी जाळी कोरड्या धुळीने भुरकट, तेवढा रुपयाएवढा डाग मात्र काळा, चिकट. म्हणाला, "साब, गैस अकेला नहीं जाता. तेल साथ ले जाता है. तेल पे मिट्टी बैठती है. यही आपका चोर है." कधीतरी उडालेल्या खड्याने नळीला बारीक टोचा पडला होता. मी तीन डबे त्या टोच्यातून वाळवंटात सोडले होते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही गेलं होतं, कारण या यंत्रात तेलासाठी वेगळी टाकी नसते; गॅसच त्याला वाहून नेतो. तेल गेलं, कॉम्प्रेसर कोरडा चालला आणि मेला. कंडेन्सर, कॉम्प्रेसर, मजुरी मिळून अठ्ठावीस हजार. डाग पहिल्याच दिवशी पाहिला असता तर फक्त कंडेन्सर बदलून भागलं असतं.

आता डब्यासोबत येणाऱ्या त्या मीटरबद्दल बोलू, कारण सगळी फसवणूक तिथे आहे. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. काटा हिरव्यात आला की गॅस पुरेसा, असं वाटतं. घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर आठवा. किती उरलाय हे आपण कसं ओळखतो? उचलून, हलवून. दाबावरून नाही, कारण आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तोच राहतो. एसीचंही तसंच. गाड्यांमध्ये सर्रास असणारा आर-१३४ए गॅस ३५ अंशांना बंद नळीत साधारण ११५ पीएसआय दाब धरतो. नळीत १०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम, बंद गाडीत काटा तिथेच. गाडी चालू केल्यावर काटा खाली येतो खरा, पण तो बाहेरचं तापमान, इंजिनाची गती, पंखा, जाळीवरची धूळ, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह या सगळ्यांचं मिळून उत्तर देतो. व्हॉल्व्ह अडकला असेल तरी काटा कमीच दाखवतो. आपण 'गॅस कमी' समजून भरतो आणि दुसऱ्या बाजूला दाब आभाळाला भिडतो.

त्या दुसऱ्या बाजूचा आकडा लक्षात ठेवा. गाडीच्या टायरमध्ये आपण ३० ते ३३ पीएसआय हवा भरतो. इथल्या उन्हाळ्यात एसीच्या बारीक नळीच्या बाजूला २५० ते ३०० पीएसआय सहज असतो. डबा चुकून त्या बाजूला जोडला तर गॅस डब्यातून गाडीत जात नाही, गाडीतून डब्यात येतो. आणि हातातला पातळ पत्र्याचा डबा फुटतो. म्हणून कंपन्यांनी दोन्ही तोंडांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत. तरीही 'बसत नाही' म्हणून अडॅप्टर शोधणारे महाभाग मी पाहिलेत. डबा लवकर रिकामा व्हावा म्हणून उकळत्या पाण्यात ठेवणारे पाहिलेत. उलटा धरून द्रवच आत सोडणारे पाहिलेत. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह तुटतात. आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही म्हणून प्रेशर स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडणारेही पाहिलेत. तो स्विच म्हणजे संत्री आहे. 'गॅस नाही, कॉम्प्रेसर मरेल' म्हणून तो दार अडवून उभा असतो. आपण संत्र्यालाच बाजूला करतो आणि आत गेल्याचा आनंद मानतो.

बरं, वजन करून भरू म्हणाल, तर आधी आत किती आहे? ते कुणालाच माहीत नाही. लहान गाडीला एकूण चार-पाचशे ग्रॅम लागतो. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात. आत ३०० ग्रॅम शिल्लक असताना तुम्ही अख्खा साडेचारशेचा डबा रिता केलात तर काय होईल? एसी गरम हवा देऊ लागेल आणि तुम्ही म्हणाल, अजून एक डबा आणा. म्हणून योग्य पद्धत एकच आहे. आतला सगळा गॅस यंत्राने काढून घेऊन मोजायचा, गळती शोधून दुरुस्त करायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा खेचून काढायचा, व्हॅक्यूम टिकतो का ते पाहायचं, गेलेलं तेल भरायचं आणि मग स्टिकरवरच्या वजनाइतका गॅस तराजूवर मोजून सोडायचा. ओलावा राहिला तर तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होतो आणि तेलात मिसळून आम्ल तयार करतो, जे नळ्या आतून खातं. डब्याच्या पाइपमध्ये ही सोय नाही. असूच शकत नाही.

डब्यात नेमकं काय आहे हाही प्रश्न आहे. प्रोपेन आणि आयसोब्युटेन, म्हणजे जवळपास स्वयंपाकाचा गॅस, योग्य प्रमाणात मिसळला तर दाब आर-१३४एसारखाच दाखवतो. मीटरला फरक कळत नाही, ठिणगीला मात्र कळतो. २०११ मध्ये शीत कंटेनरांच्या एसी यंत्रांत भेसळीचा गॅस भरला गेला होता. त्यातलं मिथाइल क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमशी भिडून हवेत पेट घेणारं संयुग बनवतं. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये यंत्रं फुटून कामगार मेले. ते शिकलेले, रोज तेच काम करणारे लोक होते. अंगणात नातवाला शेजारी उभं करून भरणारे आजोबा नव्हते.

मला माहीत आहे, आता उत्तरं येतील. "अमेरिकेत लोक दुकानातून डबा आणून घरीच भरतात की!" भरतात. तिथेही कॅलिफोर्निया राज्याने २०१० पासून आपोआप बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचे डबे सक्तीचे केले आणि रिकामा डबा परत आणावा म्हणून त्यावर १० डॉलर अनामत लावली. म्हणजे त्यांनाही कळलंय की ही मोकळीक फुकटची नाही. शिवाय आपली नक्कल अर्धी असते. डबा आपण घेतो, चष्मा आणि हातमोजे त्यांच्याकडेच ठेवतो.

"हवेत सुटला तर सुटला, दिसतो कुठे?" हे दुसरं उत्तर. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही हे खरं. पण एक किलो आर-१३४ए हवा तापवण्यात १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरला जातो. अर्धा किलो सोडलात तर ३०० लीटर पेट्रोल जाळल्याएवढं झालं. मी तीन डबे सोडले; हिशेब तुम्हीच करा. याच गॅसांचा वापर उतरवण्यासाठी २०१६ मध्ये किगालीचा करार झाला आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. सियाचिनचा बर्फ पाहिलेल्या माणसाने 'दिसतो कुठे' म्हणू नये.

तिसरं उत्तर सगळ्यांत वजनदार आहे. "साहेब, गॅरेजवाला तरी कुठे शिकलाय? तोही डबाच लावतो." बरोबर. माझ्याशी तेच झालं. पण चोर पहारेकरी सापडला म्हणून आपणच चोरी करायची नसते, पहारेकरी बदलायचा असतो. गॅरेजात जाऊन चार प्रश्न विचारा. गळती कुठे आहे, मला दाखव. आतून किती ग्रॅम गॅस निघाला? व्हॅक्यूम किती वेळ ठेवला आणि टिकला का? स्टिकरवर किती आहे आणि तू तराजूवर किती भरलास? चौथ्या प्रश्नापर्यंत जो टिकेल त्याला पैसे द्या, दोन हजारांऐवजी चार मागितले तरी द्या. पहिल्याच प्रश्नाला जो "उन्हाळ्यात गॅस कमी होतोच" म्हणेल, त्याला जय हिंद करून गाडी वळवा. आपण हे प्रश्न विचारत नाही म्हणून तसे गॅरेजवाले जगतात. दर वर्षी परत येणारं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

पण माझा खरा राग गॅरेजवाल्यावर नाही, आपल्यावर आहे. आपण फौजी लोक जुगाडावर फार प्रेम करतो. करावंही. वर चौकीकडे जाताना नळी फुटली तर तारेने बांधून, कापड गुंडाळून गाडी पोचवणारा ड्रायव्हर मी छातीशी धरला आहे. पण तोच ड्रायव्हर खाली आल्यावर काय करतो? वर्कशॉपला दोष लिहून देतो. जुगाड मुक्कामापर्यंत पोचण्यासाठी असतो. तो दोष लपवण्यासाठी वापरला की जुगाड राहत नाही, खोटेपणा होतो. फायरिंग रेंजवर एक खोखा कमी भरला तर आपण काय करतो? दुसरीकडून एक आणून मोजणी पूर्ण करतो का? अख्खी कंपनी वाकून गवत चाळते, अंधार पडला तर टॉर्च लावून. कारण प्रश्न पितळेच्या तुकड्याचा नसतो, 'गेला कुठे' हा असतो. हाच माणूस निवृत्त झाल्यावर अर्धा किलो गॅस दर वर्षी कुठे जातो हे विचारत नाही, हे मला पटत नाही.

सुभेदारसाहेब, तुमचे हात रिकामे ठेवायला मी सांगत नाही. घरी करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि निम्म्या वेळा एसीचं दुखणं तिथेच बरं होतं. डॅशबोर्डमागचा केबिन फिल्टर काढून पाहा. आपल्याकडच्या धुळीत तो वर्षात गोधडी होतो. कंडेन्सरची जाळी बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवा. जोराची धार मारलीत तर पाती वाकतील. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का ते बघा. जोडांवर, नळ्यांवर, जाळीवर टॉर्च मारून तेलकट काळा डाग शोधा. संशय आला तर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा. गाडी उन्हातून काढलीत तर आधी काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या, मग आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. आणि गावी गाडी महिनोन्महिने उभी असते, तर हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरलं की सील कोरडं पडत नाही. या सगळ्याला एक रुपया लागत नाही आणि नातवाला शिकवण्यासारखं यात डब्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

नातवाचं मुद्दाम म्हणतो. तो तुमच्या शेजारी उभा राहून काय शिकणार, हाच माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. डबा जोडलात तर तो शिकेल की काही कमी पडलं की वरून ओतायचं. टॉर्च घेऊन त्याच्याबरोबर गाडीसमोर बसलात तर तो शिकेल की काही कमी पडलं की आधी विचारायचं, गेलं कुठे?

तुम्हीच मला हे शिकवलं होतं. तोफेचा गोळा चुकीच्या जागी पडला आणि मी घाईने दुरुस्ती सांगू लागलो, तेव्हा तुम्ही हळूच म्हणाला होतात, "साहेब, आधी बघू या चूक कुठे झाली."

डाग सापडला की फोटो पाठवा. मी वाट बघतोय.

जय हिंद.